अर्ध्या विटांची भिंत

किल्डर्सबीत चांगल्या कामाचा विषय निघाला की लोक बाजारचौकातल्या पेगरमच्या दुकानाकडे बोट दाखवत आणि म्हणत, थ्रोवरचा हात. दुकानाची दर्शनी भिंत सिरिल थ्रोवरने बांधलेली नव्हती. तो जन्माला आला तेव्हा ती एकशेसाठ वर्षांची होती. त्याने फक्त विटांमधले सांधे नव्याने भरले होते, १९६१ साली, अकरा आठवडे परांचीवर उभं राहून. पण त्या तीन मजली तांबड्या भिंतीवर राखाडी रेघा अशा उमटल्या होत्या, की जणू कुणी पट्टी धरून आखल्या. बाहेरगावचे गवंडीसुद्धा खाली थांबून मान वर करत.

सिरिल चौदाव्या वर्षी मुकादम हॉब्डेच्या हाताखाली कामाला लागला. पहिलं वर्षभर त्याला थापी मिळाली नाही. वाळू चाळायची, पाणी आणायचं, पुन्हा चाळायची. एकोणिसाव्या वर्षी लढाईवर गेला, इटलीत फौजेचे पूल बांधले, परत आला आणि दुसऱ्याच सोमवारी परांचीवर चढला. मेव्हिसशी लग्न शनिवारी लावलं, कारण सोमवारी शाळेच्या भिंतीचा कोपरा उचलायचा होता. वीट उचलायची ती गुडघ्यांनी, कमरेने नाही. थापी धुतल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. मसाल्यात कुणी पाणी जास्त घातलं तर त्याच्याशी तो दिवसभर बोलत नसे. माणूस आपोआप सुधारे किंवा काम सोडून जाई. पासष्टाव्या वर्षी गुडघे बोलू लागले तेव्हा तो थांबला. मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे काय राहणार, असा प्रश्न कधी डोक्यात आलाच, तर दर गुरुवारी चौकात बाकावर बसून तो उत्तर बघून घेत असे.

गुरुवारी बाजार भरायचा. मेव्हिस मासे आणि चीज घ्यायला जायची आणि सिरिल पंपाजवळच्या बाकावर बसायचा. १९९६च्या सप्टेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी ऊन नेहमीसारखं कडेने भिंतीवरून सरकत होतं आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांखाली त्याला सावली दिसली. बोटभर रुंदीची, आडवी. तिथे सावली पडण्याचं कारण नव्हतं. वर छज्जा नव्हता, पन्हळ नव्हती. सपाट भिंतीवर सावली पडत नाही.

त्याने खालून विटांचे थर मोजले. एकतिसाव्या थरापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत भिंतीला पोट आलं होतं.

त्या पोटाच्या बरोबर खाली लेन स्पिंक बटाटे आणि कांदे मांडून बसला होता. लेन म्हणजे सिरिलचा विटा वाहणारा. सव्वीस वर्षं त्याने खांद्यावरून सिरिलसाठी विटा वर चढवल्या. काम सुटल्यावर त्याने भाजीचा गाडा घेतला आणि चौकातली सगळ्यांत उबदार जागा पकडली, पेगरमच्या भिंतीला पाठ लावून. सिरिल उठून त्याच्याकडे गेला, बटाट्यांपेक्षा भिंतीकडेच जास्त बघत. लेनच्या कांद्यांवर तांबडी भुकटी पडली होती. लेनने ती फुंकरीने उडवली आणि विचारलं, कांदे घ्यायचे आहेत की नुसतेच न्याहाळायचे आहेत. सिरिलने दोन कांदे घेतले. घरी गेल्यावर ताटातला मासा तसाच राहिला. मेव्हिसने विचारलं नाही. बेचाळीस वर्षांत ती एवढं शिकली होती, की हा माणूस भिंतीसारखा आहे. ठोकून काही निघत नाही, आपोआप तडा जावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तो ओळंबा घेऊन पेगरमच्या दुकानात गेला.

दुकान लोखंडी सामानाचं. खिळे, कड्या, जस्ताच्या बादल्या, दिव्याच्या वाती. चौथी पिढी. आता एकटी हेस्टर पेगरम उरली होती. त्रेसष्ट वर्षांची, उंच, तपकिरी झगा घालणारी, आणि गिऱ्हाइकाने मागितलेला स्क्रू चुकीचा आहे हे त्याच्या तोंडावर सांगणारी. ती दुकानाच्या वर राहायची. सिरिलने वरच्या खिडकीतून ओळंबा सोडायची परवानगी मागितली, तर तिने कारणही विचारलं नाही. म्हणाली, तुमचीच भिंत आहे, हवं ते करा.

दोरी खिडकीतून खाली सोडली. वर भिंतीपासून चार बोटं दूर धरलेली दोरी मधे विटांना टेकली आणि खाली पुन्हा सुटली. पोट तीन इंच पुढे होतं. भिंतीची जाडी किती, हे गावात फक्त दोन जिवंत माणसांना माहीत होतं. साडेचार इंच.

दोरी गुंडाळताना त्याचं लक्ष खिडकीच्या चौकटीकडे गेलं. चौकट आणि आतला गिलावा यांच्यामधल्या फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली होती. वरपासून खालपर्यंत, घट्ट घडी करून. हेस्टर म्हणाली, वारा येतो म्हणून. पहिल्यांदा दुमडलेलं एक पान पुरलं होतं. पुढे चार पानं लागायला लागली. गेल्या हिवाळ्यात रविवारचा अख्खा अंक गेला, आणि यंदा दोन लागतील असं दिसतंय.

"घर म्हातारं झालं," ती म्हणाली. "म्हातारपणी सगळंच आक्रसतं."

सिरिलला ठाऊक होतं, घर आक्रसलेलं नाही. घर जागच्या जागी होतं. भिंत घराला सोडून निघाली होती.

हे त्याला ठाऊक होतं त्याचं कारण पस्तीस वर्षांपूर्वीचं. १९६१च्या मे महिन्यात, याच खिडकीच्या बाहेर, परांचीवर उभा राहून तो छिन्नीने जुना चुना खरवडत होता. पेगरमच्या भिंतीची वीणच अशी होती, की एक वीट लांब, एक आखूड. आखूड दिसते ती खरं तर अख्खीच वीट असते. भिंतीत आडवी शिरलेली, बाहेर फक्त डोकं. अशा विटाच पुढची भिंत मागच्या घराला बांधून ठेवतात. त्यांतली एक वीट त्याच्या छिन्नीला हलली. त्याने ती दोन बोटांत धरून ओढली, तर अलगद हातात आली. ती अर्धीच होती. मागचं टोक तोडलेलं, खरबरीत. भोकात त्याने कोपरापर्यंत हात घातला. आत विटा नव्हत्या. गार हवा होती आणि जुन्या लाकडाचा वास. शेजारची हलवली, तीही अर्धी. नऊ विटा काढल्या. नऊच्या नऊ अर्ध्या.

मागे तीनशे वर्षांचं लाकडी घर होतं आणि पुढे कुणा कारागिराने चांगल्या विटा वाचवून त्याला विटांचं कातडं चढवलं होतं. मधे वीतभर अंधार. लोखंडाच्या चार आकड्यांवर आणि चुन्याच्या चिकाटीवर ते कातडं उभं होतं. लेन तेव्हा खांद्यावरचं ओझं उतरवून पाव-चीज खात शेजारी बसला होता. त्याने भोकात डोकावून बघितलं आणि हसला. म्हणाला, वीटकाम नाही रे हे, नाटकाचा पडदा आहे. मागे राणी कपडे बदलत असेल.

सिरिल खाली उतरून हॉब्डेकडे गेला. हॉब्डेने पाइप तोंडातून काढला नाही. आपल्याला सांधे भरायला बोलावलंय, आत काय आहे ते बघायला नाही, असं तो म्हणाला. वीट जागेवर ठेव आणि कडक मसाल्यात ठेव. चुना नको, सिमेंट. तीन वाळू, एक सिमेंट. म्हातारे पेगरम स्वतः म्हणाले आहेत, मजबूत पाहिजे. सिरिलने नऊ विटा जागेवर ठेवल्या आणि कडक मसाल्यात ठेवल्या. मग खालच्या थराला लागला. अकरा आठवड्यांनी परांची उतरली तेव्हा चौकात माणसं थांबून बघत होती. म्हाताऱ्या पेगरमनी चौघा गवंड्यांना बियर पाजली आणि सिरिलचा हात दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर म्हातारे पेगरम, म्हणजे हेस्टरचे वडील, दुसऱ्या मजल्यावर याच खिडकीशी खुर्ची टाकून तेरा वर्षं चहा प्यायले.

सिरिलने हेस्टरला फार काही सांगितलं नाही. फटीवर काचेच्या तीन पट्ट्या बसवू द्या, एवढंच मागितलं. खिडकीच्या कामाची पातळ काच, वीतभर लांब. एक टोक चौकटीवर, दुसरं गिलाव्यावर, दोन्हीकडे प्लॅस्टरचे गोळे. काच ताणली जात नाही. भिंत केसभर सरकली तरी ती तुटते. हेस्टरने विचारलं, मांजर याचं नुकसान करील का. त्याने सांगितलं, मांजराला या खोलीत येऊ देऊ नका. आणि तुम्हीही बसू नका.

ती हसली. इतक्या वर्षांत कुठल्याही पुरुषाने आपल्याला खोलीबाहेर राहायला सांगितलं नव्हतं, असं म्हणाली.

सोमवारी वरची काच तुटलेली होती. बुधवारी मधली. तुकडे खाली पडले नव्हते. दोन्ही अर्धे आपापल्या गोळ्याला धरून होते आणि मधे पोस्टाचं कार्ड जाईल एवढी वाट झाली होती.

त्या बुधवारी सिरिलने आणखी एक गोष्ट केली. दुकानाच्या मोठ्या काचांच्या वर ओकची जाड तुळई होती. वरची सगळी भिंत तिच्या खांद्यावर. तिला हिरवा रंग दिलेला होता, दर पाच वर्षांनी, नेमाने. रंग कुठे फुगला नव्हता, सुटला नव्हता. तो शिडीवर चढला आणि तुळईच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. फार जोर लावावा लागला नाही. पातं मुठीपर्यंत आत गेलं, शिळ्या केकमधे जावं तसं. बाहेर काढलं तर पात्यावर ओला काळा भुसा होता. तो शिडीवरून खाली उतरला.

चुना भिंतीला घाम सोडू देतो. पावसाचं पाणी विटेत जातं, चुन्यातून परत बाहेर येतं. सिमेंट येऊ देत नाही. पस्तीस वर्षांचं पाणी त्याच्या सरळ रेघांच्या मागे अडकलं होतं, हळूहळू खाली उतरत होतं आणि तुळईत जाऊन बसत होतं. आकडेही केव्हाच गंजून गेले असणार. आता भिंतीला धरून काय होतं? त्याचं सिमेंट, आणि सवय.

तो वर गेला. हेस्टर स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवत होती. त्याने सांगितलं, दोन काचा तुटल्या, तिसरी तुटेल, आजच बहिणीकडे जा. तिची बहीण आठ मैलांवर राहत होती.

"काच फुटली म्हणून मी घर सोडायचं, मिस्टर थ्रोवर? खाली दुकानात रोज एक काच फुटते."

त्याने तुळईचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, लाकूड बदलता येतं. नगरपालिकेला कळवू, वसंतात कुणीतरी येईल.

"वसंतापर्यंत नाही थांबणार ती."

"तुम्ही उगाच घाबरता. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी केव्हाच सामान बांधलं असतं. वडील सगळ्यांना सांगायचे, बाकी घर पडेल पण थ्रोवरची भिंत उभी राहील."

सिरिल टेबलाशी बसला नाही. बसायला सांगितलं होतं, तरी. तिला इथे धरून ठेवणारी गोष्ट कोणती हे त्याला आता कळलं होतं. तुळई नाही, दुकान नाही. त्याचं नाव.

"टॉर्च आहे का?" त्याने विचारलं.

तिला घेऊन तो पुढच्या खोलीत गेला आणि खिडकीच्या फटीतून वर्तमानपत्रं ओढून काढली. एकेक घडी, ओली, एकमेकांना चिकटलेली. शेवटची निघाली तेव्हा खोलीत गार हवा शिरली. त्याने टॉर्च तिच्या हातात दिली आणि आत बघायला सांगितलं. तिने चष्मा वर केला, गाल भिंतीला लावला.

"काय दिसतंय?"

"विटा. मागून."

"टोकं कशी आहेत?"

तिने टॉर्च थोडी खाली वळवली. "तुटलेली."

"एक आड एक, सगळ्या. त्या अख्ख्या असायला पाहिजेत आणि तुमच्या या गिलाव्यापर्यंत यायला पाहिजेत. ही भिंत घराला बांधलेलीच नाही, मिस पेगरम. मी एकसष्ट साली हात घालून पाहिलंय."

टॉर्चचा उजेड फटीत हलत राहिला. खालच्या एका भोकातून बाहेरचा दिवस दिसत होता. तोही तिने बघितला असणार.

"वडिलांना माहीत होतं?"

"नाही."

"का नाही सांगितलं?"

"मुकादम नको म्हणाला." पण ते पुरेसं नव्हतं, हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं. "आणि नंतर काम चांगलं दिसलं."

तिने टॉर्च विझवली. तिच्या गालाला चुन्याची पूड लागली होती. ती म्हणाली, ते याच खिडकीशी बसायचे. सिरिल म्हणाला, माहीत आहे. तिने स्वयंपाकघरात परत जाऊन गॅस बंद केला. खाली दुकानाची घंटा वाजली होती.

"खाली गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली. "त्याचे खिळे देते आणि दुकान बंद करते. तुम्ही मागच्या दाराने जा. पुढून जाऊ नका."

दुपारी ती बहिणीकडे गेली, मांजर टोपलीत घालून. जाण्याआधी नगरपालिकेत जाऊन आली. तिथल्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि टेकू लावणारी माणसं शुक्रवारी सकाळी पाठवतो म्हणाला. सिरिलने विचारलं, गुरुवारचं काय? गुरुवारी बाजार आहे, तो माणूस म्हणाला, बाजारात टेकूची लाकडं आणायची कशी?

गुरुवारी सकाळी साडेसहाला, दिसायला लागता लागता, सिरिल चौकात पोचला. त्याने आणि हेस्टरने आदल्या दिवशी दुकानातल्या जस्ताच्या बादल्या आणि हातगाड्या भिंतीपुढे ओळीने लावून ठेवल्या होत्या. लेनने त्या बाजूला सारून गाडा लावायला सुरुवात केली होती. सिरिल त्याच्या जागेवर गेला, एक रिकामं खोकं उलटं केलं आणि भिंतीला पाठ लावून बसला.

लेनने आधी गंमत समजली. मग म्हणाला, ऊठ, माझी जागा आहे. सिरिल म्हणाला, माहीत आहे. लेनने बटाट्यांचं पोतं त्याच्या पायांशी आणून आदळलं. बाजूच्या मासेवाल्याने आणि कापडवाल्या बाईने हात थांबवले.

"कालपासून गावभर सांगत फिरतोयस म्हणे, भिंत पडणार," लेन म्हणाला. "दोनशे वर्षं उभी आहे. आज मी बटाटे मांडले म्हणून पडेल?"

"तू पण बघितलं होतंस, लेन. तू हसला होतास."

"हसलो तर काय? मी विटा वाहणारा. बघायचं काम तुझं होतं."

सिरिलने पाठ भिंतीला आणखी टेकवली. तो बसून राहिला. पाठीला विटांचा गारवा लागत होता. आणि मग, चौकात सगळे गप्प होते म्हणून, तो आवाज आला. बारीक. कुणी वाळकी काडी मोडावी तसा. थोडं थांबून पुन्हा एक, उजवीकडे वर. सिरिलच्या खांद्यावर चिमूटभर तांबडी भुकटी पडली.

"काय आहे ते?" लेनने हळू विचारलं.

"सिमेंट."

"काय करतंय?"

"सुटतंय."

लेन वर बघत नव्हता. तो सिरिलच्या तोंडाकडे बघत होता. सव्वीस वर्षं एका शिडीवर काढलेल्या माणसांना एकमेकांच्या तोंडावरचं वाचता येतं. त्याने एक सणसणीत शिवी दिली, नेमकी कुणाला ते कळलं नाही, आणि गाड्याचे दांडे उचलले. चर्चच्या बाजूला वारा येतो, तिथे गिऱ्हाईक थांबत नाही; तरी तो तिकडे गेला. बटाटेवाला हलला तसा मासेवाला हलला. कापडवाली बाई बडबड करत शेवटी निघाली. मग सिरिल उठला. उठताना गुडघ्यांनी वेळ घेतला आणि तो वेळ त्याला फार वाटला.

त्या दिवशी भिंत पडली नाही.

शुक्रवारी माणसं आली, दोन टेकू लावले, दोरी बांधली, गेली. शनिवारी पडली नाही. रविवारी चर्चमधून निघालेले लोक दोरीपाशी थांबून बघत होते आणि सिरिलला विचारत होते, छत्री आणली आहेस का. दारूच्या गुत्त्यात कुणीतरी खडूने फळ्यावर लिहिलं, थ्रोवरचा हवामान अंदाज. चर्चच्या कोपऱ्यात काही विकलं न गेल्यामुळे लेनने त्याच्याशी बोलणं सोडलं. सिरिल दिवसातून चारदा चौकात जायचा. प्रत्येक वेळी सावली थोडी रुंद असायची. मेव्हिसने त्याला सांगितलं, रोज थोडी थोडी बघू नकोस, वेड लागेल. तो म्हणाला, मी बघत नाही, थांबलोय.

सोमवारी वारा नव्हता, पाऊस नव्हता. दुपारी चारला वीस मिनिटं कमी असताना चौकात पोस्टमन होता आणि पंपाजवळ एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती. सिरिल बाकावर होता. कुत्र्याने पाणी पिणं थांबवलं. तुळई आधी गेली. मोडल्याचा मोठा आवाजसुद्धा झाला नाही, नुसता एक उसासा. मग भिंत पुढे झुकली नाही, मागे गेली नाही. गुडघे गेलेला माणूस बसतो तशी ती जागच्या जागी खाली बसली. टेकू बाजूला फेकले गेले. धूळ उठली आणि चौकभर पसरली. ती खाली आली तेव्हा दुकानाच्या जागी तीन मजली लाकडी घर उघडं उभं होतं, काळ्या तुळयांचं, गावातल्या कुणीही न पाहिलेलं. दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची जागेवर होती.

लेनची जागा छातीइतक्या विटांखाली होती.

कुणी सिरिलला छत्रीबद्दल विचारलं नाही. उलट गुत्त्यात दोघा-तिघांनी त्याच्यासाठी बियर मागवली, तुझ्यामुळे माणसं वाचली म्हणून. त्याने ती घेतली नाही. हेस्टर येऊन ढिगाकडे बघून गेली. चांगल्या विटा निघतील तेवढ्या काढून ठेवा, एवढा निरोप सिरिलसाठी नगरपालिकेच्या माणसाजवळ ठेवला.

तो गुरुवारी हातोडी घेऊन ढिगापाशी बसला. जुन्या विटेच्या मागच्या अंगाला चुना होता. एक टिचकी मारली की पापडासारखा सुटायचा, वीट स्वच्छ. पुढच्या अंगाला त्याचं सिमेंट होतं. त्याने एका कोनात मारून बघितलं, दुसऱ्या कोनात, हलकेच, मग जोरात. सिमेंट सुटत नव्हतं. दर वेळी वीट फुटायची. त्याने शंभर विटा केल्या. घाई केली नाही, एकही आळसाने फोडली नाही. तेरा अख्ख्या निघाल्या.

केव्हातरी लेन येऊन बसला होता आणि अख्ख्या विटा एकावर एक रचत होता. तेराव्या विटेवर हात ठेवून त्याने विचारलं, सहज विचारावं तसं, "ब्रिज स्ट्रीटच्या दुकानांच्या सांध्यांत आपण काय भरलं होतं रे?"

सिरिलची हातोडी थांबली. पेगरमची भिंत बघून लोकांनी त्याला बोलावलं होतं. नऊ वर्षं बोलावत होते. बुटांचं दुकान, औषधांचं, कोपऱ्यावरची बेकरी. सगळी पेगरमच्या वयाची, सगळ्यांना तांबडी विटांची तोंडं. असंच हवं, असं ते म्हणायचे, पेगरमसारखं. त्याने बोटांवर मोजलं. चौदा.

"तेच," तो म्हणाला.

तो उठला. हातोडी तिथेच राहिली. बेकरी सगळ्यांत जवळ होती, आणि गुरुवार असल्यामुळे पावाची रांग दारापर्यंत आली होती. काउंटरमागे मिसेस कशिंग पिशव्या भरत होती. सिरिल सवयीने रांगेच्या शेवटी उभा राहिला. पुढे आठ माणसं होती. त्याने डोक्यावरच्या छताकडे, मग दाराच्या वरच्या तुळईकडे बघितलं. तिला पांढरा रंग होता, ताजा, कुठेही न फुगलेला. आयुष्यात पहिल्यांदा तो रांग सोडून पुढे गेला. मागून कुणीतरी म्हणालं, अहो, रांग आहे.

"मिसेस कशिंग, सगळ्यांना बाहेर काढा," तो म्हणाला.

तिने पाव हातात धरूनच विचारलं, काय झालंय. बाकीचे त्याच्याकडे बघत होते, अजून चिडलेले.

"ही भिंत मी भरली आहे," सिरिल म्हणाला.

मग दाराजवळच्या बाईने खाली ठेवलेली टोपली उचलली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं, वर न बघता.